स्फेरॉइडच्या आत सुई घालण्याआधी बाहेर मोजा

सोलापुरातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आम्ही अ‍ॅगरोजचा थर दिलेल्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये हेपजीटू या यकृताच्या पेशींचे स्फेरॉइड (छोटे गोळे) वाढवतो. त्यांच्या आतला ऑक्सिजन, ग्लुकोज आणि लॅक्टेट छोट्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरने मोजायचं आहे. सेन्सर कोणता घ्यावा, आत कसा घालावा? आणि हे सोलापुरात जमेल, की पुणं गाठावं लागेल?"

सोलापुरात जमेल. ऑक्सिजन नक्की जमेल, लॅक्टेट थोड्या चिकाटीने, आणि ग्लुकोजबद्दल खाली सांगतो तो हिशेब पाहून तुम्हीच ठरवा. पण पहिल्याच दिवशी सुई आत खुपसायचा हट्ट सोडा. स्फेरॉइडच्या बाहेर, अर्ध्या मिलिमीटरच्या टापूत जे घडतं त्यावरून आतल्या पेशी किती ऑक्सिजन खातात हे जास्त भरवशाने कळतं. या विषयातले बरेच प्रकल्प आतला एक आकडा मिळवण्याच्या नादात अडकतात, आणि तो आकडा पेशींचा होता की सुईने पाडलेल्या भोकाचा, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही.

आधी आकार समजून घेऊ. सपाट प्लेटवर वाढणाऱ्या पेशींना सगळीकडे सारखं खायला मिळतं. स्फेरॉइडमध्ये तसं नसतं. सोलापुरात पाणी सुटलं की टाकीजवळची घरं हंडे-पिंपं भरून घेतात आणि लाइनीच्या शेवटच्या घराला नुसती करंगळीएवढी धार येते, तेच इथे ऑक्सिजनचं होतं. बाहेरच्या थरातल्या पेशी आपला वाटा काढून घेतात, उरलेला आत झिरपतो. साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पुढे ऑक्सिजन पोचणं अवघड होत जातं, म्हणून ४००-५०० मायक्रोमीटरपेक्षा मोठ्या स्फेरॉइडच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा गाभा दिसतो. ट्यूमरमध्येही असंच होतं, आणि औषधांच्या चाचणीला स्फेरॉइड वापरतात ते त्यासाठीच. त्यामुळे तुमच्या स्फेरॉइडचा व्यास किती, हे प्रत्येक मोजणीसोबत लिहिलेलं हवं. व्यासाशिवाय ऑक्सिजनचा आकडा निरुपयोगी आहे.

आता थोडं गणित. ५०० मायक्रोमीटर व्यासाचा स्फेरॉइड घ्या. त्यात अंदाजे २०,००० पेशी आहेत आणि प्रत्येक पेशी सेकंदाला ५० अ‍ॅटोमोल ऑक्सिजन खाते असं धरू. (पेशींच्या जातीनुसार हा आकडा बराच बदलतो, इथे हिशेबापुरता घेतला आहे.) म्हणजे सगळा स्फेरॉइड मिळून सेकंदाला १ पिकोमोल (दहा लाख अ‍ॅटोमोल) खातो. मीडिअम, म्हणजे पेशींभोवतीचं पोषक द्रावण, न हलता स्थिर असेल तर स्फेरॉइडभोवतीची ऑक्सिजनची घट केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. इन्क्युबेटरमधल्या मीडिअममध्ये १८० मायक्रोमोलर ऑक्सिजन धरला, तर केंद्रापासून १ मिलिमीटरवर तो १५० राहतो, अर्ध्या मिलिमीटरवर १२०, आणि स्फेरॉइडच्या पृष्ठभागावर जेमतेम ६०.

पृष्ठभागावर ६०! पहिली पेशी गाठायच्या आतच दोन-तृतीयांश ऑक्सिजन गेला. आतल्या थरांत आणखी ७०-८० मायक्रोमोलरची घट होणार, म्हणजे गाभ्यात काही उरणार नाही हे सुई न घालताच कळलं. इन्क्युबेटरच्या काचेवर दिसणारा आकडा पेशींपर्यंत पोचत नाही, आणि खणात मीडिअम जितकं उंच भरलं तितका हा प्रवास लांबतो. खालून तर प्लास्टिकच असतं, तिकडून फारसं काही येत नाही.

याच गणिताचा उपयोग करून घ्यायचा. स्फेरॉइडच्या वरून सरळ रेषेत चार-पाच ठिकाणी ऑक्सिजन मोजा. प्रत्येक जागेचं केंद्रापासूनचं अंतर काढा, १ भागिले ते अंतर आडव्या अक्षावर आणि ऑक्सिजन उभ्या अक्षावर मांडा. सरळ रेषा येते. तिचा उतार गुणिले ४ पाय गुणिले ऑक्सिजनचा विसरण गुणांक (तो द्रवात किती वेगाने पसरतो तो आकडा), म्हणजे अख्ख्या स्फेरॉइडचा सेकंदाचा खप. ३७ अंशांना पाण्यासारख्या मीडिअमसाठी हा गुणांक साधारण २.७ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर प्रतिसेकंद घ्या. औषध दिल्यावर खप कमी झाला की वाढला, हे या उतारावरून कळतं, आणि तोच स्फेरॉइड उद्या परत वापरता येतो. रेषा सरळ आली नाही तर मीडिअम स्थिर नाही असं समजा. बहुतेक वेळा प्लेट नुकतीच हलवलेली असते किंवा तापमान अजून बसलेलं नसतं.

आता सेन्सर. इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन मोजण्याची कल्पना लीलंड क्लार्क यांची, १९५६ सालची. प्लॅटिनमला चांदी-सिल्व्हर क्लोराइड संदर्भाच्या तुलनेत उणे ०.५ ते उणे ०.६ व्होल्ट दिले की पोचलेला ऑक्सिजन तिथेच क्षपित होतो आणि येणारा प्रवाह ऑक्सिजनच्या प्रमाणात असतो. यातली गोम अशी की हा सेन्सर जे मोजतो ते खातो. मोठा इलेक्ट्रोड लावाल तर पेशींच्या बरोबरीने तोही ऑक्सिजन संपवत बसेल. बाजारात मिळणाऱ्या स्क्रीन-प्रिंटेड पट्टीवरचा काही मिलिमीटरचा गोल खणात बुडवून सतत चालू ठेवला, तर तुम्ही पट्टीचीच भूक मोजत राहाल.

२५ मायक्रोमीटर व्यासाची प्लॅटिनम चकती १८० मायक्रोमोलर ऑक्सिजनमध्ये ९-१० नॅनोअँपिअर देते. म्हणजे तिचा खप वर धरलेल्या स्फेरॉइडच्या दोन-अडीच टक्के. चालेल. १० मायक्रोमीटरची चकती ४ नॅनोअँपिअरच्या आत-बाहेर, खप एक टक्का, उत्तमच. १०० मायक्रोमीटरची घेतली तर १० टक्के, तिथे मला अस्वस्थ वाटायला लागतं. सुरुवातीला २५ घ्या. त्याहून बारीक तार हाताळताना नवख्या माणसाच्या हातून तुटत राहते.

या उघड्या चकतीची एक खोड मात्र पाठ करून ठेवा. ती ऑक्सिजन स्वतःभोवतीच्या जागेतून ओढते. त्रिज्येच्या दहापट अंतरावरसुद्धा तिच्यामुळे सहा टक्क्यांची घट असते. त्यामुळे चकती एखाद्या भिंतीजवळ नेली की तिचा पुरवठाच अडतो आणि प्रवाह घसरतो. समोर पेशी जिवंत असोत, मेलेल्या असोत, किंवा साधी काच असो. हाच परिणाम मुद्दाम वापरून अ‍ॅलन बार्ड यांच्या गटाने १९८९ मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोपी (बारीक इलेक्ट्रोड फिरवून पृष्ठभाग तपासण्याची पद्धत) उभी केली. तुमच्यासाठी मात्र तो फसवा आहे. स्फेरॉइडजवळ जाताना प्रवाह कमी झाला म्हणून "पेशी ऑक्सिजन खात आहेत" असं लिहून मोकळं होऊ नका.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. त्याच आकाराचा एक स्फेरॉइड फॉर्मॅलिनमध्ये फिक्स करा, नीट धुवा, आणि त्याच्यासमोर तीच चकती त्याच अंतरांवर न्या. मेलेला स्फेरॉइड काही खात नाही, तेव्हा त्याच्यासमोर जी घट दिसते ती सगळी अडथळ्याची. जिवंताच्या वक्रातून ती वजा करता येईल असं वाटतं, पण वजाबाकीपेक्षा त्या टापूतले बिंदूच सोडून द्यावेत हे माझं मत. २५ मायक्रोमीटरच्या चकतीने पृष्ठभागापासून १२० मायक्रोमीटरच्या आत मोजलेला बिंदू रेषेत घेऊ नका. दुसरी ताडणी अँटिमायसिन किंवा रोटेनोनची. माइटोकॉन्ड्रियाचं श्वसन बंद पाडलं की जिवंत स्फेरॉइडचा उतार जवळजवळ सपाट व्हायला हवा. नाही झाला तर तुमचा उतार पेशींमुळे नव्हताच.

इलेक्ट्रोड घरच्या घरी होतो. मऊ काचेची केशनळी घ्या, त्यात २५ मायक्रोमीटरची प्लॅटिनम तार सरकवा आणि एक टोक बारीक ज्योतीत वितळवून तारेभोवती बंद करा. घाई केली की काचेत बुडबुडा राहतो. दुसऱ्या बाजूने चांदीच्या इपॉक्सीने तांब्याची तार जोडा. मग टोक १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात घासा, आणि अ‍ॅल्युमिनाच्या लगद्यावर १, ०.३ आणि ०.०५ मायक्रोमीटर या क्रमाने आरशासारखं करा. मायक्रोस्कोपखाली काचेच्या मधोमध एक चकाकणारा गोल ठिपका दिसला पाहिजे, कडेला काळी रेघ नको. काळी रेघ म्हणजे काच आणि तार यांच्यामध्ये फट, आणि त्या फटीत मीडिअम शिरतं.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, रसायनाने खात्री करा. पोटॅशियम फेरिसायनाइड प्रत्येक केमिस्ट्री विभागात असतं. पोटॅशियम क्लोराइडमध्ये त्याचं १ मिलिमोलर द्रावण करून सावकाश व्होल्टामोग्राम (व्होल्टेज बदलत नेऊन प्रवाहाचा आलेख) काढा. २५ मायक्रोमीटरच्या चकतीला इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र आणि साडेतीन नॅनोअँपिअरच्या आसपास सपाट माथा आला पाहिजे. माथ्याऐवजी शिखर आलं, किंवा जाता-येताचे वक्र एकमेकांपासून फाकले, तर सील गळतंय. पुन्हा घासा. तरी सुधारलं नाही तर टाकून द्या आणि दुसरा बनवा, त्याच्यात जीव अडकवू नका.

नॅनोअँपिअर वाचणारं उपकरण हा खरा खर्च. चीपस्टॅट नावाचा खुल्या आराखड्याचा पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सुटे भाग ८० डॉलरच्या आत येत होते. शिकायला तो छान, पण इतक्या बारीक प्रवाहासाठी पुरा पडणार नाही. आपल्याला १ नॅनोअँपिअरचा शंभरावा भाग स्थिर दिसायला हवा. एक सोय अशी की प्रवाह इतका लहान असताना तिसऱ्या इलेक्ट्रोडची गरज नसते. चकती आणि संदर्भ, दोनच पुरतात. फिजिक्स विभागात धूळ खात पडलेला पिकोअँपिअर मीटर आणि बॅटरीवर चालणारा स्थिर व्होल्टेजचा छोटा सर्किट बोर्ड, एवढ्यावर ऑक्सिजनची मोजणी होते. आधी विभागाविभागांत विचारून या, मग खरेदीचा अर्ज करा.

संदर्भासाठी चांदीची तार कपड्यांच्या ब्लीचमध्ये पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, तिच्यावर करडा-जांभळट सिल्व्हर क्लोराइडचा थर चढतो. ती तार थेट पेशींच्या खणात ठेवू नका, चांदीचे आयन पेशींना विषारी आहेत. अ‍ॅगर आणि पोटॅशियम क्लोराइड भरलेल्या नळीतून जोडा.

सुई हलवायला मायक्रोमॅनिप्युलेटर नसेल तर मायक्रोस्कोपचं स्टेजच वापरा. साध्या मायक्रोस्कोपच्या फाइन फोकसच्या एका फेरीत स्टेज बहुधा ०.२ मिलिमीटर वर-खाली होतं, म्हणजे फोकसच्या चाकावरची एक रेघ साधारण २ मायक्रोमीटर. तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. इलेक्ट्रोड स्टँडला पक्का बांधा, प्लेट स्टेजवर ठेवा आणि बाजूने एक यूएसबी कॅमेरा लावा. गोल बुडाच्या ९६ खणांत बाजूने काही दिसत नाही, म्हणून मोजणीपुरता स्फेरॉइड छोट्या चौकोनी पारदर्शक कुपीत अ‍ॅगरोजवर ठेवावा. मोठ्या टोकाच्या पिपेटने, हळू. टिपचं टोक कात्रीने कापलं की स्फेरॉइड फाटत नाही.

आता सोलापूरचा म्हणून जो भाग आहे तो. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच टक्क्यांहून थोडा जास्तच कमी. पुस्तकातला "हवेशी संतृप्त" हा आकडा समुद्रसपाटीचा असतो. तो तसाच उचलून कॅलिब्रेशन केलं तर तुमचा प्रत्येक आकडा तितकाच चढा निघेल. दाब मोजा, त्यातून ३७ अंशांची बाष्पाची ६.३ किलोपास्कल वजा करा, उरलेल्याच्या २०.९५ टक्के हा ऑक्सिजनचा दाब. कार्बन डायऑक्साइड ५ टक्के असेल तर तोही धरा. शून्यासाठी सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण किंवा नायट्रोजनचे बुडबुडे. दोन्ही टोकं मोजणीच्या आधी आणि नंतरही घ्यायची. सीरममधली प्रथिनं प्लॅटिनमवर चिकटतात आणि पहिल्याच तासात संवेदनशीलता घसरते. आधीचं आणि नंतरचं कॅलिब्रेशन फार वेगळं आलं तर त्या दिवसाची मोजणी बाद धरायची, मधला सरासरी आकडा लावून ती वाचवायची नाही.

तापमान. दर अंशाला प्रवाह दोन-तीन टक्क्यांनी हलतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि खोलीत एसीमुळे २५, अशा वेळी प्लेट इन्क्युबेटरमधून टेबलावर आणली की मीडिअम गार होतं, पेशींचा खप मंदावतो, ऑक्सिजनची विद्राव्यता वाढते आणि चकतीचा प्रतिसाद घटतो. चार गोष्टी एकाच वेळी हलल्या तर वक्राचा अर्थ कोण लावणार? ३७ अंशांची तापती पट्टी स्टेजवर हवीच. शिवाय आपल्याकडची कोरडी हवा १०० मायक्रोलिटरच्या खणातून पाणी पटापट उडवते आणि क्षार दाट होतात. प्लेटच्या कडेच्या खणांत नुसतं बफर भरून ठेवा आणि पेशी आतल्या खणांत वाढवा.

आणि वीज. प्रयोगशाळेच्या शेजारी यंत्रमाग असतील तर नॅनोअँपिअरच्या रेकॉर्डवर ५० हर्ट्झची झालर आणि मागाच्या मोटारी सुरू-बंद होताना उड्या दिसणारच. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आडवा ठेवा, आत कुपी आणि इलेक्ट्रोड, डब्याला एकच अर्थिंग. दोन ठिकाणी अर्थ दिलं की त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मोजा. प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी करून घेतलं की ५० हर्ट्झ बऱ्यापैकी कटतो. एवढं केल्यावरही उड्या येत असतील तर जोडणीची तार हलतेय का बघा, दहापैकी आठ वेळा तीच असते.

ग्लुकोज आणि लॅक्टेटकडे वळू. तत्त्व क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेलं: इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा थर. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करताना ऑक्सिजन वापरतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, लॅक्टेट ऑक्सिडेज लॅक्टेटपासून पायरुव्हेट बनवताना तेच करतं. प्लॅटिनमला अधिक ०.६ व्होल्ट दिले की तो पेरॉक्साइड मोजला जातो. ऐकायला सोपं, पण स्फेरॉइडजवळ दोन्ही एन्झाइमांना लागणारा ऑक्सिजनच तुटपुंजा असतो. नेहमीच्या हाय-ग्लुकोज मीडिअममध्ये २५ मिलिमोलर ग्लुकोज आणि ०.१८ मिलिमोलर ऑक्सिजन, म्हणजे ग्लुकोज सव्वाशेपटीहून जास्त. बाहेर पॉलियुरेथेनसारखा थर देऊन ग्लुकोजची वाट अरुंद केली नाही तर तुमचा ग्लुकोज सेन्सर चोरून ऑक्सिजन सेन्सरचंच काम करू लागतो.

आणि मोजायला फरक तरी किती पडणार आहे? तोच २०,००० पेशींचा स्फेरॉइड सेकंदाला १ पिकोमोल ग्लुकोज खातो असं धरा. दिवसभरात ८६ नॅनोमोल. १०० मायक्रोलिटरच्या खणात त्याने ग्लुकोज २५ वरून २४.१ मिलिमोलरवर येईल. साडेतीन टक्के. एन्झाइम सेन्सरचं एका दिवसाचं वाहवणं (त्याचा आकडा आपोआप सरकत जाणं) त्याहून जास्त असतं. उलट तेवढ्याच ग्लुकोजपासून जास्तीत जास्त १.७ मिलिमोलर लॅक्टेट तयार होईल, आणि त्याची सुरुवात जवळपास शून्यावरून. सीरममधून थोडं लॅक्टेट येतं, ते कोऱ्या मीडिअममध्ये मोजून वजा करायचं. म्हणून तुमच्या प्रकल्पात लॅक्टेट ठेवा, ग्लुकोज काढा. गाइडना ग्लुकोज हवंच असेल तर ५.५ मिलिमोलरच्या लो-ग्लुकोज मीडिअममध्ये जा. मात्र पेशी त्यात आधी काही दिवस रुळवाव्या लागतील, आणि आधीच्या निकालांशी थेट तुलना करता येणार नाही. लॅक्टेटचा वक्र कमी प्रमाणातच वाकायला लागतो, म्हणून त्यालाही बाहेरचा थर लागतोच.

अधिक ०.६ व्होल्टवर आणखीही बरंच काही ऑक्सिडाइझ होतं: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल. हेपजीटू यकृताच्या असल्याने पॅरासिटामॉलची विषबाधा हा प्रकल्पांचा आवडता विषय, आणि नेमकं तेच औषध सेन्सरला चकवतं. मीडिअममधला फिनॉल रेडसुद्धा निर्दोष नाही, तो नसलेलं मीडिअम मागवा. पायरुव्हेट पेरॉक्साइडला गिळतो, म्हणून सोडियम पायरुव्हेट घातलेलं मीडिअमही टाळलेलं बरं. या सगळ्यावर एक सरळ उपाय म्हणजे जोडीचा कोरा सेन्सर. तसाच इलेक्ट्रोड, एन्झाइम पक्कं बसवायला वापरतात तेच अल्ब्युमिन, तेच ग्लुटारल्डिहाइड, फक्त एन्झाइम नाही. दोन्ही शेजारी ठेवा आणि कोऱ्याचा प्रवाह वजा करा. कोरा सेन्सर नसलेला एन्झाइमचा निकाल मी तरी वाचून बाजूला ठेवतो.

एन्झाइमचा सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. अल्कोहोलनेही एन्झाइम दुखावतं. म्हणून पहिल्या टप्प्यात निर्जंतुकीकरणाच्या भानगडीत पडू नका. मोजा आणि तो स्फेरॉइड त्याच दिवशी संपवा, फिक्स करून व्यास आणि गाभा बघायला घ्या. नुसत्या प्लॅटिनमच्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडला ७० टक्के अल्कोहोल आणि मग निर्जंतुक बफरने धुणं पुरतं, त्यामुळे दिवसागणिक पाठपुरावा करायचा तर ऑक्सिजनचाच करा.

पीएचचं एका ओळीत: प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढली की कार्बन डायऑक्साइड उडून मीडिअम अल्कधर्मी होतं, म्हणून मोजणीच्या मीडिअममध्ये हेपेस हा बफर घाला.

खरोखर आत शिरायचंच असेल तर? मग उघडी चकती नको. काचेच्या टोकात पातळ पटलामागे कॅथोड आणि त्याच्या मागे ऑक्सिजन अडवणारा दुसरा रक्षक कॅथोड असलेला क्लार्क पद्धतीचा मायक्रोसेन्सर लागतो. नील्स पीटर रेव्ह्सबेक यांनी १९८९ मध्ये तो समुद्राच्या गाळासारख्या नमुन्यांत मोजायला बनवला. टोक काही मायक्रोमीटरचं, ढवळण्याचा परिणाम नगण्य, खप नावापुरता. विकत मिळतो, महाग आहे, आणि चुकून कुपीच्या तळाला टेकला की गेला. तो घ्यायच्या आधी बाहेरून मोजण्याचा हात बसू द्या. स्फेरॉइड टोचला जाताना दबतो आणि घरंगळतो, म्हणून त्याला खाली अ‍ॅगरोजच्या खोबणीत बसवावं लागतं. आत जाताना आणि बाहेर येताना मिळालेले वक्र जुळले तरच आतला आकडा लिहावा.

परदेशात हे काम आता चिपवर गेलं आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या गटाने स्तनाच्या कर्करोगाचे ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले अवयवासारखे छोटे गोळे) चिपमधल्या कोनाड्यांत वाढवून शेजारीच ऑक्सिजन, लॅक्टेट आणि ग्लुकोजचे सेन्सर बसवले. अशा चिपमधली उचलण्यासारखी युक्ती म्हणजे मीडिअमचा प्रवाह थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं. प्रवाह थांबला की पेशींमुळे ऑक्सिजन उतरत जातो आणि लॅक्टेट चढत जातं, त्या उताराचा वेग म्हणजे पेशींचा खप किंवा उत्पादन. प्रवाह सुरू केला की सेन्सरसमोर ताजं मीडिअम येतं, म्हणजे दर फेरीला त्याचं आपोआप कॅलिब्रेशन. सेन्सर हळूहळू बोथट होत असला तरी ते त्या फेरीत लगेच दिसतं. क्लीन रूम नसली तरी ही युक्ती तुम्हाला वापरता येईल. फार्मसी कॉलेजात सिरिंज पंप बहुधा असतो. दोन काचेच्या पट्ट्यांमध्ये सिलिकॉनचा थर कापून खाच करा, तिच्यात स्फेरॉइड ठेवा आणि वरून इलेक्ट्रोड. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला हा विषय देता येईल, तुमच्या प्रकल्पात ओढू नका.

पुण्याला जायचं कारण वेगळं आहे: पेशी. हेपजीटूचा पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये किती वेळा उतरवल्या ती संख्या) फार वाढला असेल किंवा ती नक्की हेपजीटूच आहे का याबद्दल शंका असेल, तर गणेशखिंडीतल्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) नव्याने घ्या. विभागाचं पत्र आणि जैवसुरक्षा समितीची कागदपत्रं आधी तयार ठेवा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. वाढत्या पेशींचा फ्लास्क मीडिअमने मानेपर्यंत भरून घ्यायचा, म्हणजे गाडीच्या हिसक्यांनी हवा आत डचमळून पेशी सुटत नाहीत. झाकण घट्ट लावून पॅराफिल्म गुंडाळायची. बर्फात ठेवायचा नाही, उन्हाळा असेल तर थर्मोकोलच्या पेटीत ठेवायचा. परत आल्यावर जास्तीचं मीडिअम काढून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विसावू द्या. मायकोप्लाझ्माची (पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची) तपासणी झाल्याशिवाय त्यांचे स्फेरॉइड लावू नका, कारण मायकोप्लाझ्माही खातो-पितो आणि तुमच्या लॅक्टेटच्या आकड्यात त्याचा वाटा मिसळतो.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र जिवंत पेशींशिवायचं आहे. इलेक्ट्रोड बनवा, फेरिसायनाइडचा वक्र काढा, मग फिक्स केलेल्या स्फेरॉइडसमोर ऑक्सिजनचा वक्र. ते दोन आलेख, स्फेरॉइडचा व्यास, खोलीचं तापमान आणि त्या दिवशीचा हवेचा दाब एवढं मला पाठवा. ते पाहिल्यावर जिवंत स्फेरॉइडसाठी अंतरं कोणती घ्यायची ते सांगतो.